तोच उमेदवार, निशाणी तीच, तरीही

इथे न्यू जर्सीत, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी होते. नोव्हेंबर २०२४. इथली निवडणूक नुकतीच झालेली, तिकडची विधानसभेची तोंडावर आलेली. मसालेभात पानात पडेपर्यंत दोन्हीकडचं राजकारण उरकून घ्यायची सगळ्यांना घाई. माझ्या पुढचे एक काका आपल्या सहाव्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टची कुंडली मांडत होते. फ्रँक पलोन १९८८ पासून निवडून येतोय, तेव्हा डिस्ट्रिक्ट तिसरा होता, १९९२ च्या फेररचनेनंतर सहावा झाला, एडिसन-मेटचनचा आपला देशी पट्टा आणि खालचा लाँग ब्रांच-अॅसबरी पार्कचा किनारा एका नकाशात कसे आले, नकाशा आखायला तेरा जणांचं कमिशन असतं आणि त्यातला तेरावा कसा महत्त्वाचा. सगळं तोंडपाठ. कौतुकच वाटलं. म्हणून मीही म्हटलं, काका, आमचाही मतदारसंघ असाच आहे. खाली उपनगर, वर समुद्र.

"आमचा म्हणजे कुठला?"

"पालघर. माझं माहेर पाम, बोईसरच्या पश्चिमेला."

"पालघर! ते साधूंचं प्रकरण झालं, तेच ना?" आणि मागून आणखी एक आवाज, "अहो वहिनी, ती तर आदिवासी सीट. तिथे कोणीही उभा राहिला तरी काय फरक पडतो?"

माझं जेवणच गेलं असं काही म्हणणार नाही, दोन जिलब्या खाल्ल्या. पण घरी येताना गाडीत एक शब्द बोलले नाही. नवरा कोथरूडचा. त्याने "काय झालं?" विचारलं, तेव्हा त्याच्यावरच डाफरले. कोथरूडच्या कुणालाही कधी सांगावं लागत नाही की कोथरूड कुठे आहे.

साधूंबद्दल एवढंच. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्याला जमावाने साधूंना मारलं, ते भयंकरच होतं. पण आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला ओळखायला तुमच्याजवळ ती एकच खूण असेल, तर मी पुढे काही बोलत नाही.

"काय फरक पडतो" याबद्दल मात्र बोलायचंच आहे. आमच्या त्या कोपऱ्यात लोकांनी राजकारण टीव्हीवर बघितलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघर कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, पाच जण गेले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, म्हणजे आमच्याच आसपासच्या गावांतली माणसं. पालघरची पाचबत्ती ती त्यांची. तीन वर्षांनी वारली उठले. वेठबिगारीविरुद्ध, श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड पडला. तेच श्यामराव १९५७ ला ठाण्यातून लोकसभेत गेले. १९७७ ला डहाणूतून लहानू कोम, मार्क्सवादी. आणि २०२४ लासुद्धा अख्ख्या महाराष्ट्रात मार्क्सवाद्यांचा एकच आमदार निवडून आला, तो डहाणूचा विनोद निकोले. बाकी राज्यात लाल बावटा मोर्च्यापुरता उरला, आमच्या शेजारच्या तालुक्यात तो मतपेटीत आहे. फरक पडत नाही म्हणे!

आता पामपुरतं बोलायचं तर, आम्ही त्या डहाणू मतदारसंघात नव्हतोच. ऐकून इथल्या मुंबईकरांना नवल वाटतं, पण २००९ पर्यंत पालघर आणि वसई लोकसभेला उत्तर मुंबईत होते. बोरिवली-कांदिवली-मालाडबरोबर! विधानसभेला पालघर आदिवासींसाठी राखीव, लोकसभेला खुलं. १९८९ पासून लागोपाठ पाच वेळा राम नाईक, आणि २००४ ला त्यांना पाडून गोविंदा. आमच्या घरात तेव्हा दोन तट होते. आई म्हणे, विरारचा पोरगा आहे, आपल्या लाइनीवरचा. बाबा म्हणत, अगं, तो पिक्चरमध्ये येतो, पामला कधी येणार? बाबांचं खरं ठरलं. राम नाईकांचं मात्र एक सांगायला हवं. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, तेव्हा त्या लोकांच्या पुनर्वसनासाठी हा माणूस उच्च न्यायालयात उभा राहिला. त्यांचा पक्ष बाबांना कधी पटला नाही, पण ही गोष्ट ते आजही सांगतात.

मग २००८ ची फेररचना आली. डहाणू हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं आणि पालघर नावाचा नवा, राखीव मतदारसंघ झाला. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई. आता गंमत उलटी झाली. वसई-नालासोपाऱ्याला आमदार खुल्या जागेवरचा आणि खासदार राखीव. आम्हाला वाटलं होतं, मुंबईचं शेपूट सुटलं. कसलं काय! मतदारसंघातले चाळीस टक्क्यांहून जास्त मतदार वसई आणि नालासोपारा या दोनच विधानसभांत. तलासरीची सीमा ते वसईची खाडी एवढा लांब मतदारसंघ, पण उमेदवाराचं अर्धं लक्ष विरार लोकलच्या गर्दीकडे. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही, मतं तिथेच आहेत. २००९ ला पहिला खासदार बळीराम जाधव, बहुजन विकास आघाडीचे, म्हणजे विरारच्या पक्षाचे.

पण माझा खरा राग वेगळाच आहे, आणि उरलेला लेख बहुतेक त्यातच जाणार.

२०१४ ला भाजपचे चिंतामण वनगा आले. डहाणूतून आधीही खासदार राहिलेले, पेशाने वकील, साधे. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. वनगांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेत गेला आणि धनुष्यबाणावर उभा राहिला. भाजपला उमेदवार हवा होता, तो काँग्रेसमधून आला. राजेंद्र गावित, आधी काँग्रेसचे आमदार, राज्यमंत्री. राज्यात एकत्र सरकार चालवणारे दोन पक्ष आमच्या अंगणात एकमेकांवर तुटून पडले. मंत्र्यांच्या गाड्यांनी बोईसर-पालघर रस्त्यावर धुरळा. २८ मेला मतदान, उन्हाचा कहर. गावित साडेएकोणतीस हजारांनी आले.

वर्षही झालं नाही, तोच युती झाली. जागावाटपात पालघर शिवसेनेला गेलं, आणि जागेबरोबर उमेदवारही गेला! गावित शिवसेनेचे झाले. ज्या श्रीनिवास वनगांना त्यांनी हरवलं होतं, त्यांची सोय विधानसभेत करायचं ठरलं. बाबा व्हिडिओ कॉलवर, ओट्यावर बसून, पेपर गुडघ्यावर दुमडून मला सांगत होते, "गेल्या वर्षी ज्याला पाडायला धनुष्यबाण दाबला, यंदा त्यालाच आणायला धनुष्यबाणच दाबायचा. बोल!" मी काय बोलणार? गावित ८८ हजारांनी निवडून आले.

मुलगा शेजारी गृहपाठ करत होता, त्याने ऐकलं. त्याला सगळं समजावून सांगितलं, निशाणी म्हणजे काय, युती म्हणजे काय. तो म्हणाला, "मग लोकांनी चूज काय केलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुढे तर आणखी गुंता. २०२२ ला शिवसेना फुटली, खासदार गावित आणि आमदार श्रीनिवास वनगा, दोघेही शिंदे गटात. २०२४ च्या लोकसभेला जागा परत भाजपकडे. लग्नात आलेला ब्लाउजपीस घडी न मोडता पुढच्या लग्नात द्यावा, तसा आमचा मतदारसंघ दोन पक्षांत फिरतो. या वेळी उमेदवार हेमंत सवरा, माजी मंत्री विष्णू सवरांचे चिरंजीव. १ लाख ८३ हजारांनी निवडून आले. गावित भाजपमध्ये गेले. पाच-सहा महिन्यांत विधानसभा आली, तेव्हा गावित पुन्हा शिवसेनेत आणि पालघरचे उमेदवार. तिकीट कापलं ते श्रीनिवास वनगांचं. कॅमेऱ्यासमोर त्यांना रडू फुटलं, मग काही काळ ते कुणाच्या संपर्कातच नव्हते. आईने तो व्हिडिओ मला पाठवला, खाली फक्त "बिचारा" लिहिलेलं. आई कधीच वनगांच्या बाजूची नव्हती. नोव्हेंबरमध्ये गावित आमदार झाले. आणि ज्यांच्या नावाने विरारला वारं वाहायचं, त्या बहुजन विकास आघाडीच्या तिन्ही जागा गेल्या.

कुणी म्हणेल, पक्षांतर कुठे होत नाही? खरं आहे, सगळीकडे होतं. पण या सगळ्या खेळात आमच्या किनाऱ्याचा एकही प्रश्न कुणाला सोडवायला लागला नाही. उमेदवाराला उत्तर द्यायचं ते पक्षाला, आणि पक्ष तर दर वेळी नवा. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं, ही तक्रार घेऊन २०१६ ला हरित लवादात कोण गेलं? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. मासेमारी करणाऱ्यांची संघटना. खासदार नाही, आमदार नाही. आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मी लहान असताना प्यायचं होतं, मग भांडी घासण्याचं झालं, मग झाडांनाही घालू नये असं. विहिरीवर आता जाळी टाकली आहे. या पाण्याबद्दल कुठल्या प्रचारसभेत कुणी बोललं, असं बाबांच्या आठवणीत नाही.

वाढवणचंही तेच. १९९८ ला डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलेलं बंदर २०२३ ला त्याच प्राधिकरणाने मान्य केलं. प्राधिकरणाचे आधीचे अध्यक्ष न्यायमूर्ती धर्माधिकारी तोवर गेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पालघरला येऊन भूमिपूजन केलं. ७६ हजार कोटींचं काम. बंदर हवं की नको यावर आमच्याच घरात एकमत नाही. माझा चुलतभाऊ नोकऱ्यांकडे बघून हवं म्हणतो, सातपाटीची मावशी नावही काढू देत नाही. त्यात शिरले तर हा अंक पुरायचा नाही. बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन, सूर्या धरणाचं पाणी वसई-मीरा भाईंदरला, हे तर बाजूलाच ठेवते.

राखीव जागेबद्दल मात्र एक सांगते, आणि जरा चढ्या आवाजात सांगते. सीट राखीव आहे म्हणून असं होतं, हे डोक्यातून काढा. ज्यांच्या जंगलात आणि शेतात आपल्यातल्यांनीच सावकारी केली, त्यांच्यातला माणूस दिल्लीत बसतो, हे योग्यच आहे. दोष राखीवपणाचा नाही. पक्ष राखीव जागेला हक्काची वस्तू समजतात, हा आहे. इथे बसून पलोनचे सगळे डिस्ट्रिक्ट पाठ करणाऱ्यांनी आपल्या गावाचा खासदार कोण, हे निदान एकदा विचारावं. मुलांना गणपतीची आरती शिकवतो, तसा तालुका शिकवा, नदी शिकवा, आमदाराचं नाव शिकवा.

बरं, हे जरा जास्तच झालं. ते काका वयाने मोठे आहेत, दर वर्षी मसालेभाताचा खर्च तेच करतात, आणि मागून बोललेल्या वहिनी माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत. त्यांच्या सांगलीबद्दल मला तरी कुठे काय माहीत आहे? हळदीपलीकडे काही नाही. कुणाला लागलं असेल तर माफ करा. पण लेख मागे घेत नाही.

पुढची फेररचना होईल तेव्हा वसई-विरारची लोकसंख्या बघता नकाशा पुन्हा मोडणार हे उघड आहे. आमचा किनारा कुणाच्या शेपटीला बांधतात ते बघायचं. इथल्या कमिशनच्या बैठकांना काका जाऊन बसतात. आमच्याकडेही आयोग जनसुनावणी घेतो, हरकती मागवतो. त्या वेळी पाममधून चार कागद तरी गेले पाहिजेत, असं मी बाबांच्या मागे लागले आहे. बाबा म्हणतात, तू लिही, मी सही करतो.

नवऱ्याने काल विचारलं, एवढं आहे तर मतदान का करत नाहीस? करायचंय की. पासपोर्ट अजून भारताचा, त्यावर पत्ता पामचा, परदेशस्थ मतदाराचा सहा-अ फॉर्म भरून ठेवला आहे. मत मात्र स्वतः जाऊन, पामच्या शाळेत रांगेत उभं राहूनच द्यावं लागतं. लोकसभा एप्रिल-मेमध्ये येते, आणि त्या दिवसांत नेवार्क-मुंबईचं तिकीट काय असतं, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.