यंत्रणा परकी, जबाबदारी स्वतःची

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार ठप्प झाले. त्यांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाल्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली होती. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. प्रश्न मात्र कायम राहिला.

सहकारी व ग्रामीण बँकांना स्वतःचा सुसज्ज संगणक विभाग परवडत नाही. बाहेरच्या कंपनीकडे काम सोपविणे गैरही नाही. मात्र कामाबरोबर जबाबदारीही सोपविली, अशी संचालकांची समजूत झाली की धोका सुरू होतो. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीबद्ध चौकट आखून दिली. पण नियमावली कपाटात राहिल्यास ठेवीदाराचे रक्षण होत नाही.

त्यासाठी संचालकांनी संगणकतज्ज्ञ होण्याची गरज नाही. माहितीची राखीव प्रत कोठे आहे, ती शेवटची कधी तपासली, पासवर्ड कोणाच्या हाती आहेत आणि यंत्रणा बंद पडल्यास शाखेचे काम कसे चालेल, एवढे चार प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारले जावेत. हिशेबातील बारकावे न कळणारा संचालकही लेखापरीक्षकाला प्रश्न विचारतोच; संगणकाबाबत मौन कशासाठी?