गोळेश्वरचा पैलवान

मुलांनो, ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक पदक कोणी जिंकलं? हे नाव पाठच करून ठेवा : खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर, कराडजवळ, जिल्हा सातारा.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे घरात अभ्यासाच्या पाटीइतकीच आखाड्याच्या लाल मातीचीही ओळख! शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढे कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. अंगाने खाशाबा काही पहाडासारखे नव्हते. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. पण चपळाई अशी, की समोरच्याला डाव कळेपर्यंत त्याची पाठ जमिनीला लागलेली असायची!

१९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तिथे एक पंचाईत झाली. आपल्याकडे कुस्ती मातीत; तिथे गादीवर. मातीत पाय रोवून उभं राहता येतं, गादीवरची पकड निराळी आणि गुण मोजायची रीतही निराळी. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. आपण असतो, तर 'पहिल्याच खेपेला सहावा नंबर, छान झालं की!' म्हणून खूश झालो असतो. खाशाबा मात्र परत येऊन पुन्हा जोर-बैठकांना लागले, तेही दुप्पट नेटाने.

मग आलं १९५२. ऑलिंपिक फिनलंडमधल्या हेलसिंकीला. तिकडे जायचं तर खूप पैसे हवेत, आणि ते आणायचे कुठून? खाशाबांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. विचार करा, मुलांनो, विद्यार्थ्यासाठी घर गहाण!

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी मोठी झुंज झाली. ती हुकली. सोव्हिएत पैलवानाशीही हार झाली. दोन कुस्त्यांच्या मध्ये हक्काची विश्रांतीसुद्धा त्यांना मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडायला जवळ आपला एकही अधिकारी नव्हता, असं सांगितलं जातं. पण कांस्यपदक मात्र त्यांनी मिळवलंच! सुवर्ण गेलं त्याच इशीकडे.

ते परतले तेव्हा कराड स्टेशनवर शंभराहून जास्त बैलगाड्या उभ्या होत्या. ढोल-ताशांच्या गजरात मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले म्हणे! पण खाशाबांच्या मनात गहाण पडलेलं घर होतं. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, पैसे जमवले आणि सरांचं घर सोडवलं, असं जाणते लोक सांगतात. पदकापेक्षा हा डाव मला मोठा वाटतो.

पुढे १९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कारसुद्धा मिळाला नाही. तो मिळाला मरणानंतर, कितीतरी वर्षांनी. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. ते टेनिसपटू लिअँडर पेसचं.

मातीने मात्र त्यांना लक्षात ठेवलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमलाही आता खाशाबांचं नाव आहे.

पदक गळ्यात एकाच्याच पडतं, पण ते आणायला किती हात लागतात, पाहिलंत ना? तुमच्यामागे कोणकोणाचे हात आहेत? आज रात्री जेवताना आई-बाबांना विचारा बरं!