आधी खुराडे, मग पक्षी

मुंबईच्या उपनगरांत आता शेती उरलेली नाही, असे सर्रास म्हटले जाते. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. तेव्हापासून भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या, हे खरेच आहे. तथापि आरे दुग्ध वसाहतीतील आदिवासी पाडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्या, मुलुंड-भांडुपच्या डोंगरपायथ्याची घरे, तसेच गोराई, मनोरी व मढ येथील गावठाणे या ठिकाणी परसातील कोंबडी अद्याप टिकून आहे. पाच-दहा पक्ष्यांचा हा जोडधंदा कोणाच्या हिशेबात धरला जात नाही. पण गावठी अंड्यास शहरात चांगला भाव येतो आणि तो पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. अशा घरी विस्तार कार्यकर्ता गेला म्हणजे रोगाच्या खालोखाल जी तक्रार त्याच्या कानी पडते ती सापाची. "साहेब, साप अंडी खातो, पिल्ले नेतो, त्याचे काय करावे?"

या प्रश्नास आजवर दोनच उत्तरे दिली गेली आहेत. जुने उत्तर असे की, साप मारावा. नवे उत्तर असे की, सर्पमित्रास बोलवावे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोहोंत खुराड्याचा विचारच नाही. साप हा खुराड्याचा रोग नव्हे, ते लक्षण आहे.

प्रथम नुकसान खरोखर सापानेच केले आहे काय, हे पाहावयास हवे. पुष्कळदा मुंगसाचा किंवा घुशीचा गुन्हा सापाच्या माथी मारला जातो. अंडी नाहीशी झाली आणि टरफलाचा तुकडाही मागे राहिला नाही, तर सापाचा संशय रास्त होय. साप अंडे अखंड गिळतो. फुटकी टरफले व सांडलेला बलक आढळल्यास उंदीर, कावळा किंवा मुंगूस यांच्याकडे पाहावे. कोंबडीची मान चावलेली असून धड तेथेच पडले असेल, तर ते काम मुंगसाचे किंवा उदमांजराचे असण्याचा संभव अधिक. एखादे पिल्लू मेलेले आढळले आणि त्याचे डोके व खांदे ओले, चिकट झालेले असले, तर सापाने ते डोक्याकडून गिळू पाहिले व न गेल्याने टाकून दिले असे समजावे. पिल्ले एकेक करून रातोरात नाहीशी होत असतील, तर जवळपास घुशीचे ताजे बीळ आहे काय हे आधी पाहावे. घूस पिल्लू ओढून बिळात नेते, ही गोष्ट जुन्या जाणत्या बायकांस ठाऊक आहे; आम्हां पदवीधरांस ती पुष्कळदा उशिरा कळते.

सापच असेल, तर तो बहुधा तिघांपैकी एक असतो. धामण दिवसा फिरते, सहज चढते, लांबीने दोन मीटरांहूनही अधिक होते, आणि तिला विष मुळीच नसते. नाग मुख्यतः तिन्हीसांजेस व रात्री येतो, तोही अंडी व पिल्ले घेतो, आणि त्याचे विष प्राणघातक असते. तिसरा अजगर. त्याला विष नाही, पण तो पूर्ण वाढलेली कोंबडी गिळतो आणि मग पोट फुगल्यामुळे आल्या फटीतून परत जाऊ शकत नाही. सकाळी तो खुराड्यातच वेटोळे घालून पडलेला सापडतो आणि साऱ्या पाड्याची गर्दी जमते. यांखेरीज घोणस खुराड्याच्या आसपास आढळते. ती कोंबडीसाठी नव्हे, उंदरासाठी येते. माणसाच्या दृष्टीने मात्र तीच फार धोक्याची, कारण ती पालापाचोळ्यात निपचित पडून राहते व पायाखाली येते.

आता मारण्याविषयी. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने हे साप मारणे गुन्हा ठरविले आहे. परंतु कायद्याचे भय दाखवून शेतकऱ्याचे समाधान होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही धरू नये; ज्याची बारा अंडी गेली त्याला कारण पटले पाहिजे. त्यासाठी आपल्याच कोकणचा दाखला पुरेसा आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा नाश व्हावा म्हणून सरकारने दर फुरशामागे बक्षीस लावले होते. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठवडाभरात लाखाहून अधिक फुरसी मारली गेली. बक्षिसे वाटून झाली, दप्तरी आकडे लिहिले गेले, आणि फुरसे आजही रत्नागिरीच्या कातळावर नांदते आहे. भक्ष्य व आसरा जोवर कायम आहे, तोवर एकाची जागा दुसरा घेतो.

शिवाय धामण मारली की उंदीर मोकळा होतो. उपनगरांत उंदराचा प्रश्न केवळ दाण्याचा नाही. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली, तिचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात. पावसाळाभर चिखलपाण्यातून अनवाणी ये-जा करणाऱ्या कुटुंबाने चार अंड्यांसाठी धामण मारावी, हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल.

सर्पमित्राच्या सेवेबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. नाग, घोणस किंवा अजगर घरापाशी आला असता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून जाणकाराकडून तो हलविणे योग्यच आहे, आणि त्या वेळी गर्दी न करता दुरून नजर ठेवावी. परंतु त्याच खुराड्यातून दर पावसाळ्यात तीन-चार वेळा साप पकडून न्यावे लागत असतील, तर तो व्यवस्थेचा पुरावा नसून अव्यवस्थेचा आहे. शिवाय दूर नेऊन सोडलेल्या सापास तेथील बिळे, पाणी, भक्ष्य काहीच माहीत नसते, आणि त्याच्या जागी येथे दुसरा येतोच. हौशी तरुणांनी परवानगीवाचून साप पकडणे तर कायद्यानेही निषिद्ध आहे व जिवासही धोक्याचे आहे.

येथे पाड्यांतील लोकांची एक खरी अडचण सांगितली पाहिजे. तिच्याकडे कार्यालयात बसून दुर्लक्ष होते. आरे व बोरिवलीच्या बाजूस बिबट्याचा वावर आहे. त्या भयाने पुष्कळ घरी रात्री कोंबड्या घरातच, कोपऱ्यात किंवा खाटेखाली डाल्याखाली झाकतात. हे समजण्याजोगे आहे. पण कोंबडीबरोबर तिचा सांडलेला दाणा घरात येतो, दाण्यामागे उंदीर येतो, आणि उंदरामागे नाग किंवा मण्यार त्याच खोलीत येते, जेथे मुले जमिनीवर झोपलेली असतात. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, झोपलेल्या माणसास होतो, त्याची वेदनाही पुष्कळदा जाणवत नाही. म्हणजे बिबट्यापासून कोंबडी वाचविताना आपण मुलास धोक्यात घालतो. कोंबडी घराबाहेर काढा, एवढाच उपदेश करून कार्यकर्ता निघून गेला, तर तो उपदेश कोणी ऐकणार नाही. बिबट्याच्या पंजालाही दाद न देणारे खुराडे बाहेर उभे राहिले, तरच कोंबडी घराबाहेर जाईल.

ते खुराडे कसे असावे? झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला ते चिकटलेले नसावे, चार-पाच मीटर दूर असावे. जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच पायांवर ते उभारावे, म्हणजे त्याखाली झाडता येते व तेथे काय दडले आहे ते दिसते. साप खांबावर चढतो, हे खरे. उंचीचा हेतू साप अडविणे हा नाही, उंदरास खाली घर करू न देणे हा आहे. साप अडवावयाचा तो जाळीने. बाजारात जी षट्कोनी "कोंबडी जाळी" मिळते ती कोंबडीस आत ठेवते, सापास बाहेर ठेवीत नाही. इंचभर छिद्रातून मध्यम धामण सहज जाते. तळाशी व खालच्या दोन-तीन फुटांस पाव इंची, आणि वर अर्धा इंची, जोडकाम केलेली जाड तारेची जाळी लावावी. ती लाकडी पट्टीखाली दाबून ठोकावी, नुसत्या खिळ्यांवर अडकवू नये. बिबट्याची वस्ती असेल तेथे हिच्या बाहेरून लोखंडी सळ्यांची चौकट हवी. खुराडे जमिनीलगतच असेल, तर जाळी एक फूट खोल पुरावी. दाराचा खालचा काठ हे सर्वांत कच्चे ठिकाण असते. जाळीवर खर्च करून दाराखाली दोन बोटांची फट ठेवलेली खुराडी लेखकाने इतकी पाहिली आहेत की, पाहणीस गेल्यावर आता तो प्रथम खाली वाकूनच बघतो. परीक्षा सोपी आहे. ज्या फटीतून आपली करंगळी जाते, त्या फटीतून सापाचे पिल्लू जाते.

जाळीचा खर्च चार-पाच कोंबड्यांच्या किमतीच्या आसपास जाईल. एका हंगामात तेवढ्या कोंबड्या जातातच, मग तो खर्च अधिक म्हणता येणार नाही.

मढ, मनोरी, गोराई येथे मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात आणि ती खुराड्यावर पसरण्याची रीत आहे. ती सोडावी. नायलॉनच्या जाळ्यात साप अडकतो व तडफडून मरतो; आणि तो नाग असेल, तर सकाळी जाळे उचलणाऱ्या हाताशी जिवंत, चिडलेला नाग असतो.

खुराड्याच्या भोवती तीन मीटरपर्यंत लाकडांचा ढीग, नारळाची सोडणे, झावळ्या, जुनी कौले व विटा असू नयेत. संध्याकाळी उरलेले खाद्य उचलावे व झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावी. उंदरांसाठी पिंजरा लावावा. विषाचे आमिष कोंबड्यांच्या वावरात ठेवू नये, विषाने मेलेला उंदीर कोंबडी टोचते. फिनेल, कार्बोलिक आम्ल, डांबराच्या गोळ्या, गंधक, लसूण यांनी साप येत नाही अशी समजूत फार आहे. यांवर विसंबता येत नाही, आणि यांतील काही पदार्थ कोंबड्यांस बाधतात. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली असेल तेथे तर असला वासाचा मारा मुळीच करू नये.

हे सर्व कोंबडीसाठी झाले. परंतु यात कोंबडीपेक्षा मोठी वस्तू पणास लागलेली असते, ती म्हणजे अंडे काढणारा हात. पहाटेच्या अंधारात खुराड्यात हात घालण्याचे काम घरातील बाई किंवा लहान मूल करते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू मुख्यत्वे खेड्यांत झाले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या उद्दिष्टात आपला वाटा इतकाच की, अंडे काढण्याची खिडकी बाहेरून उघडणारी, कमरेच्या उंचीची असावी, आणि विजेरीचा प्रकाश टाकून आत पाहिल्याशिवाय कोणीही हात घालू नये.

दंश झालाच, तर बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढावी, दंशाचा अवयव फळीला सैल बांधून न हलेल असा ठेवावा, आणि रोग्यास चालू न देता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जी वेळ जाते तीच प्राण घेते. साप शोधून मारून बरोबर नेण्याचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच संयुक्त प्रतिविष वापरतात. मुलास त्याची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही. "एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या कशाला" असे म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नये.

शेवटी आम्हां खात्याच्या लोकांविषयी. परसातील कुक्कुटपालनाच्या योजना अनेक आहेत आणि त्या इष्टच आहेत. आरे येथेच केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. परंतु पिल्ले वाटण्याचा आकडा पूर्ण करण्याची घाई आणि खुराड्याविषयीची उदासीनता ही जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते. यंत्रावर उबवलेल्या या पिल्लांस पंखाखाली घेणारी व सापावर धावून जाणारी आई नसते. ती रात्री जमिनीवर एका कोपऱ्यात गोळा होऊन झोपतात. अशी पिल्ले फाटक्या डाल्याच्या भरवशावर देणे म्हणजे सापास व मुंगसास सरकारी खर्चाने आमंत्रण देणे होय. लेखकाची सूचना अशी की, लाभार्थ्याच्या अर्जात खुराड्याच्या पाहणीचा एक रकाना असावा. कार्यकर्त्याने स्वतः जाऊन जाळी, दाराचा खालचा काठ व भोवतालची मोकळी जागा पाहून त्यावर सही करावी. ज्यांची ऐपत नाही त्यांस पक्ष्यांची संख्या कमी करून त्या रकमेची जाळी द्यावी. आणि ही सही झाल्याखेरीज पिल्लांची पेटी गाडीतून उतरवू नये. हे सारे मे महिन्याच्या अखेरीपूर्वी व्हावे, कारण पहिल्या पावसाने बिळे भरली की साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात.