खेळणं खेळण्यासारखंच दिसलं पाहिजे

फोमच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका घरात आणूच नयेत, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. त्याच बंदुकांना काळा रंग फासून त्या ‘अगदी खऱ्यासारख्या’ करणाऱ्यांशीही माझा वाद आहे, आणि तो जास्त कडक आहे. बहारीनमधल्या मराठी घरांत हे दोन्ही पक्ष भेटतात. कधी तर ते एकाच घरात असतात: आई एका बाजूला आणि कॉलेजात जाणारा मुलगा दुसऱ्या. दोघंही मनापासून बोलतात, म्हणून दोघांनाही नीट उत्तर मिळायला हवं.

इथल्या उन्हाळ्यात बाहेर खेळणं काय असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि गुदैबिया, जुफैर, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये मुलं कोंडून पडतात. हातात मोबाइल नाही तर टीव्हीचा रिमोट. ईदच्या आसपास दुकानांतून फोमच्या बंदुकांचे ढीग लागतात आणि आपल्या मुलांनाही त्या हव्या असतात. दोन सोफ्यांच्या आड दोन फळ्या, मध्ये उशांचा तट, आणि संध्याकाळ पळापळीत जाते. नर्फ या नावाने १९७०च्या सुमारास अमेरिकेत मऊ फोमचा चेंडू विकायला आला तेव्हा त्याची जाहिरातच ही होती की घरात फेकला तरी दिवे आणि काचा फुटणार नाहीत. डार्ट, म्हणजे फोमच्या लांबट गोळ्या, उडवणारी खेळणी त्याच घराण्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. घरातल्या माणसांना आणि सामानाला इजा न करता खेळता यावं, हा या खेळाचा मूळ हेतू आहे. तो हेतू मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे.

आता पहिला पूर्वपक्ष. मुलाच्या हाती बंदूक दिली की त्याच्या मनात हिंसा रुजते, असा हा आक्षेप. तो उडवून लावण्यासारखा नाही. १९६७ साली बर्कोविट्झ आणि लपाज या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आधीच चिडवलेल्या माणसांसमोर शस्त्र ठेवलं तर ती अधिक आक्रमक वागतात. पण पुढे इतरांनी तो प्रयोग केला तेव्हा तोच निष्कर्ष दर वेळी निघाला नाही. १९९२ साली वॉटसन आणि पेंग यांना लहान मुलांच्या बंदुकीच्या खेळाचा खऱ्या आक्रमकतेशी संबंध दिसला, पण त्याच अभ्यासात आईवडिलांनी केलेल्या शिक्षेचाही तसाच संबंध दिसला. आणि २०१८मध्ये स्मिथ, फर्ग्युसन आणि बीव्हर यांनी लहानपणी खेळण्यातली शस्त्रं हाताळणाऱ्या मुलांचा पुढच्या वयातल्या गुन्हेगारीशी संबंध तपासला. बाकीची कारणं हिशेबात धरल्यावर तो संबंध उरला नाही. पेनी हॉलंड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी २००३च्या आपल्या पुस्तकात याहून उपयोगी गोष्ट मांडली. पाळणाघरांतून शस्त्रांच्या खेळावर सरसकट बंदी घातली की मुलगे लपूनछपून खेळतात, सतत ओरडा खातात आणि आपणच वाईट आहोत असं मानू लागतात. बंदी सैल केली तर तोच खेळ गोष्टींकडे, सोंगांकडे वळतो.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हा आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यावा? दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्याच्या हातात आपण तलवार देतो, बुरुजावर तोफ ठेवतो. खंडेनवमीला शस्त्रं पूजतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला रायफलीत कांस्य मिळवलं, तेव्हा बहारीनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अभिनंदनाचा पाऊस पडला. नेम धरणं, श्वास रोखणं, पाळी येईपर्यंत थांबणं यात हिंसा नाही, शिस्त आहे. ती शिस्त खेळातून लागत असेल तर तिच्यावर बंदी कशाला?

दुसरा आक्षेप डोळ्यांचा. इथे मी निम्मा आक्षेप मान्य करतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७मध्ये अशा बंदुकीच्या डार्टने डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत दोघे मोठी माणसं होती आणि एक ११ वर्षांचा मुलगा. डोळ्यांना संरक्षण हवं, असंच त्यांचं सांगणं होतं. तेव्हा चष्मा लावूनच खेळायचं, यावर वाद नको. पण फोम आणि छर्रे यांची गल्लत करू नये. २०१५च्या ईदला अफगाणिस्तानात शंभराहून अधिक जणांच्या, मुख्यतः मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली आणि सरकारने खेळण्यातल्या बंदुकांवर बंदी आणली. त्या बंदुका प्लास्टिकचे कडक छर्रे उडवणाऱ्या होत्या.

हिशेब साधा आहे. फोमचा डार्ट साधारण एक ग्रॅमचा. दुकानातून आणलेल्या बंदुकीतून तो सेकंदाला सुमारे २१ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा ०.२२ ज्यूल. नऊ मिलिमीटरच्या खऱ्या पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. तिची ऊर्जा ४९० ज्यूल, दोन हजारपटीहून जास्त. पण याच हिशेबात बंदुकीत फेरफार करणाऱ्या छंदिष्टांनाही एक इशारा आहे. वेग तिप्पट केला की ऊर्जा नऊपट होते. जाड स्प्रिंग घालून डार्ट सेकंदाला ६३ मीटरवर नेला तर ०.२२चे जवळजवळ दोन ज्यूल होतात. एअरसॉफ्टचा, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या नकली बंदुकीचा, ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने एक ज्यूल घेऊन येतो. डार्टचा आघात रुंद जागेवर पडतो हे खरं, तरी ‘फोमच तर आहे’ हे उत्तर तिथे पुरत नाही. आखाती देशांत मुलांच्या खेळण्यावर ‘जी’ चिन्ह लागतं, ते तपासलेल्या खेळण्याचं असतं. आतला स्प्रिंग बदलला की त्या चिन्हाची हमी तिथेच संपली. बदललेली बंदूक मोठ्यांच्या खेळात, चष्म्यासकट. मुलांच्या खोलीत ती नको.

आता दुसऱ्या पक्षाकडे येतो, माझ्या आवडत्या पक्षाकडे, म्हणजे छंदिष्टांकडे. त्यांचं म्हणणं: ‘आम्ही जाणकार माणसं. बंदूक खऱ्यासारखी दिसली तर काय बिघडतं? कारागिरी आहे ती.’ हल्ली तर डार्ट सुटताच नकली काडतूस बाहेर फेकणारी मऊ गोळीची पिस्तुलं निघाली आहेत. जुन्या कोल्ट पिस्तुलाचा आकार, तसाच सरकणारा वरचा भाग, आणि पुढे एक नारिंगी टोक, जे कापून टाकायला कात्रीही पुरते. हे टोक कापणारी मुलं वाईट नसतात. परिणाम कुठवर जाऊ शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका बागेत १२ वर्षांचा टामिर राइस एअरसॉफ्टचं नकली पिस्तूल घेऊन खेळत होता. त्या पिस्तुलाचं नारिंगी टोक काढलेलं होतं. पोलिसांना फोन करणाऱ्याने बंदूक बहुधा नकली असावी असं सांगितलंही होतं, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलं नाही. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०१३मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे १३ वर्षांचा अँडी लोपेझ असाच गेला. त्याच्या हातात एके-४७च्या आकाराची एअरसॉफ्ट होती, तिलाही नारिंगी टोक नव्हतं. दोन्ही ठिकाणी पोलिसांच्या वागण्यावर जे बोलायला हवं ते लोक बोलले आणि बोलत राहतील. फोमच्या बंदुका त्या नव्हत्या, हेही खरं. पण काळ्या रंगातली फोमची बंदूक पंचवीस पावलांवरून कशी वेगळी ओळखणार?

छंदिष्टांचं यावर एक हुशार प्रत्युत्तर आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय माझी बाजू पुरी होत नाही. ते म्हणतात, रंगाचा काय भरवसा? २०२१मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पोलिसांना छाप्यात नर्फसारखं रूप दिलेलं खरं ग्लॉक पिस्तूल सापडलं. त्याच वर्षी युटातल्या एका कंपनीने ग्लॉकला लेगोच्या ठोकळ्यांचं रूप देणारा संच विकायला काढला आणि लेगोने आक्षेप घेतल्यावर तो मागे घ्यावा लागला. मग नारिंगी रंग पाहून पोलीस निर्धास्त कसा होईल?

होणार नाही, हे मला मान्य आहे. पण यातून निघतं ते त्यांच्या उलट आहे. रंग एकट्याने जीव वाचवत नाही म्हणून तो सोडून द्यायचा, हा तर्क हेल्मेट घालूनही माणसं मरतात म्हणून हेल्मेट फेकून देण्याचा आहे. भडक रंगाचा उपयोग पोलिसापुरता नसतो. शेजारणीला, वॉचमनला, पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला तो लांबूनच सांगतो की खेळ चालू आहे, फोन करू नका. धोका पोलिसाच्या बोटाशी येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि रंग त्याला तिथेच अडवतो. अमेरिकेने १९८८च्या कायद्यानेच नकली बंदुकांवर नारिंगी टोकासारखी खूण सक्तीची केली. ब्रिटनने २००६च्या कायद्याने खऱ्यासारख्या नकली बंदुकांची निर्मिती आणि विक्रीच रोखली. त्याखालच्या नियमांत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा असे ठळक रंग किंवा पारदर्शक प्लास्टिक चालतं. अँडी लोपेझनंतर कॅलिफोर्नियानेही एअरसॉफ्टवर ठळक रंगांच्या खुणा बंधनकारक केल्या, त्या २०१६पासून लागू आहेत.

आणि हे सगळं बहारीनमध्ये दुप्पट लागू पडतं. जुफैरमध्ये ज्या इमारतींत आपली कुटुंबं राहतात, तिथून अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ फार लांब नाही, आणि त्याच्या दारांवर उभ्या पहारेकऱ्यांच्या हातातल्या बंदुका खऱ्या आहेत. सौदीला जाताना किंग फाहद कॉजवेवर गाडी तपासली जाते; मागच्या सीटवर काळी नकली रायफल पडलेली असेल तर तिची कथा मुलाला नव्हे, बापाला सांगावी लागेल. भारतात सुट्टीला निघताना हातसामानात खेळण्यातली बंदूकही चालत नाही. २०११च्या निदर्शनांचे दिवस ज्यांनी इथे पाहिले त्यांना रस्त्यांवरच्या चौक्या आठवत असतील. फेब्रुवारी २०१३मध्ये या देशाने निदर्शक घालत ते गाय फॉक्सचे मुखवटे आयात करण्यावर बंदी घातली. प्लास्टिकच्या त्या मुखवट्याने कुणाला खरचटलंही नसतं, पण तो कशासारखा दिसतो यालाच इथे अर्थ आहे. आपण इथे पाहुणे आहोत. आपल्या व्हिसावर घरातल्या सगळ्यांचं आयुष्य उभं आहे.

तरीही हा छंद टिकला पाहिजे असं मी ठामपणे म्हणतो, आणि कौतुकानेही. ज्या मुलाने फोमची बंदूक उघडून पाहिली त्याने दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा डार्ट ढकलते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्याने फ्लायव्हीलची बंदूक जोडली त्याला उलट्या दिशेने फिरणाऱ्या दोन चाकांत डार्ट कसा पकडला जातो, मोटर किती करंट ओढते, लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून विसरायची का नाही, हे कळलं. ज्याने थ्री-डी प्रिंटरवर सुटे भाग काढले तो मिलिमीटरच्या दशांशाचा आदर करायला शिकला. अभियंत्यांच्या घरांतून आलेल्या आपल्या मुलांना हे शिक्षण दुसरीकडे सहज मिळत नाही. अमेरिकेतल्या गाउचर कॉलेजात २००५ साली ‘ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज’ हा पळापळीचा खेळ सुरू झाला, शेकडो विद्यार्थी तो खेळू लागले आणि तो अनेक विद्यापीठांत पसरला. खेळणाऱ्यांनीच नियम केले: बंदूक भडक रंगाची, खऱ्यासारखी दिसणारी नको, वर्गात नको. आपल्या छंदाची राखण त्यांनी स्वतः केली.

म्हणून बहारीनमधल्या मराठी आईवडिलांना आणि त्यांच्या मोठ्या मुलांना माझी विनंती आहे. बंदूक घ्या, पिवळी घ्या, निळी घ्या, केशरी घ्या. स्प्रिंग बदला, पण डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय घोडा दाबू नका. घराबाहेर नेताना ती बंद पिशवीत न्या. बाल्कनीत, पार्किंगमध्ये, गाडीच्या खिडकीत ती दिसू देऊ नका. काळ्या रंगाचा डबा मात्र दुकानातच राहू द्या, आणि कुणाच्या मुलाने टोक कापलेलं पिस्तूल हातात घेतलेलं दिसलं तर संकोच न करता त्याच्या आईवडिलांना फोन करा.