नांगर कसा निवडावा व कोठें ठेवावा

एका वाचक गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील दोघां चुलत भावांनीं मिळून सव्वीस फुटांची एक जुनी शिडाची होडी विकत घेतली असून, दिवाळीनंतर मुंबईहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें जाण्याचा त्यांचा बेत आहे. बेतास घरांतून संमति मिळाली. पण नांगरावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. थोरले काका म्हणतात, मिळेल तितका जड नांगर व मिळेल तितकी जाड साखळी घ्यावी, पैशाकडे पाहूं नये. मुलें म्हणतात, इतकें लोखंड होडीच्या नाळेंत, म्हणजे पुढच्या टोंकांत, भरलें तर होडी चालावयाचीच नाहीं. हलका नांगर व लांब दोर पुरे. ह्या वादांत मुलांच्या आजींनीं एवढेंच विचारलें कीं, "रात्रीं सर्व निजलीं म्हणजे होडी कशाला बांधलेली असते?" साऱ्या विषयाचें मर्म आमच्या मतें ह्या प्रश्नांत आहे. म्हणून ह्या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

२००९-१० सालीं नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ह्यांनीं गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी ह्यांनीं त्याच नौकेंतून वाटेंत कोणत्याहि बंदरांत न थांबतां तीच प्रदक्षिणा पुरी केली. ह्या पराक्रमांचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु किनाऱ्यानें जाणाऱ्या लहान होडीवरील संकट निराळ्या जातीचें असतें. भर समुद्रांत चहूंकडे मोकळें पाणी असतें. वाऱ्यानें होडी दहा कोस मागें लोटली तरी ती कशावर आपटत नाहीं. किनाऱ्याजवळ मात्र वारा जमिनीकडे वाहत असावा, शीड फाटावें, त्यांतच एंजिन बंद पडावें, आणि खडक दोनशें हातांवर यावेत, असा प्रसंग अशक्य नाहीं. त्या वेळीं होडी व खडक ह्यांच्यामध्यें नांगराखेरीज दुसरें कांहींच उरत नाहीं. म्हणून नांगराकडे सामानाची एक बाब म्हणून पाहणें योग्य नव्हे.

आतां नांगर होडीला धरतो कसा, तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, तो आपल्या वजनानें धरतो. फार प्राचीन काळीं तें बऱ्याच अंशीं खरें होतें. विजयदुर्ग व सिंधुदुर्ग येथील समुद्रांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना दगडी नांगर सांपडले आहेत. भोंके पाडलेल्या जड शिळाच त्या. परंतु पुढें लोखंडी नांगर आला आणि त्याचें काम जमिनींत रुतण्याचें झालें. आपल्या भाषेंत शेताच्या व समुद्राच्या अवजारास एकच शब्द आहे, हें येथें लक्षांत घ्यावें. शेतांतला नांगर आडवा ओढला म्हणजे फाळ भुईंत शिरतो. रुमणें वर उचललें कीं तो बाहेर येतो. समुद्रांतहि नेमका हाच नियम आहे. ओढ जितकी आडवी तितका नांगर खोल जातो. ओढ वर लागली कीं तो निसटतो. केंब्रिजचे विख्यात गणिती जी. आय. टेलर हे स्वतः शिडाच्या होडीचे शौकीन होते. त्यांनीं १९३३ सालीं जो नांगर तयार केला, त्याचा आकार शेतांतल्या नांगराच्या फाळासारखाच होता. त्यास 'सीक्यूआर' असें नांव मिळालें. हीं तीन अक्षरें भरभर उच्चारलीं कीं 'सुरक्षित' ह्या अर्थाचा 'सिक्युअर' हा इंग्रजी शब्द ऐकूं येतो.

नांगराच्या जाती अनेक आहेत, व प्रत्येकीचें तळाशीं आपापलें नातें आहे. आडव्या दांडीचा जुना नांगर खडकाळ व शेवाळी तळाला बरा. पण तो बेताचाच रुततो व ठेवण्यास अडचणीचा. मच्छीमारांचा चार आंकड्यांचा नांगर खडकांत अडकून धरतो. वाळूंत त्याच्यावर भरंवसा ठेवूं नये. १९४० च्या सुमारास अमेरिकेंत डॅनफर्थ ह्यांनीं काढलेला दोन चपट्या पात्यांचा नांगर वाळूंत व चिखलांत वजनाच्या मानानें फारच घट्ट बसतो, आणि मिटून सपाट ठेवतां येतो. परंतु वारा फिरून ओढीची दिशा बदलली तर तो कधीं कधीं उखडतो व पुन्हां रुतत नाहीं. गेल्या तीसएक वर्षांत फ्रान्समधील 'स्पेड', न्यूझीलंडचे पीटर स्मिथ ह्यांचा 'रॉक्ना', असे पावड्यासारख्या खोलगट पात्याचे नांगर निघाले आहेत. ते लौकर रुततात, आणि दिशा बदलली तरी बहुधा पुन्हां बसतात. मुंबई बंदरांत मऊ चिखल आहे. पुढें कोंकणांतील अनेक उपसागरांत वाळू आहे. मालवणाजवळ खडक पुष्कळ आहेत. असा मिश्र तळ ज्यांच्या वाटेंत आहे, त्यांनीं मुख्य नांगर ह्या नव्या जातीचा घ्यावा हें उत्तम. सव्वीस फुटी होडीला दहा ते बारा किलोचा नांगर पुरतो. विकणाऱ्याच्या तक्त्यांत होडी दोन मापांच्या मध्यें पडत असेल तर मोठें माप घ्यावें.

नांगर कितीहि चांगला असला तरी साखळी अपुरी सोडली तर तो व्यर्थ. येथें हिशेब नीट समजून घ्यावा, कारण पुष्कळ होड्या येथेंच फसतात. समजा, ओहोटीच्या वेळीं पाणी ३ मीटर खोल आहे. केवळ साखळी असेल तर खोलीच्या पांचपट, आणि बहुतेक दोर असेल तर सातपट लांबी सोडावी, असा सर्वसाधारण नियम आहे. नवशिका माणूस ३ ला ५ नीं गुणून १५ मीटर साखळी सोडतो व निजतो. परंतु मुंबईकडे मोठ्या उधाणाच्या भरतीस पाणी ४ मीटर किंवा त्याहूनहि अधिक चढतें. शिवाय नाळेची पाण्यावरील उंची १ मीटर धरली पाहिजे. म्हणजे मध्यरात्रीं खरी उंची ३ अधिक ४ अधिक १, एकूण ८ मीटर होते, आणि सोडलेली साखळी तिच्या दुप्पटहि भरत नाहीं. ओढ वर लागते, फाळ सुटतो, होडी चालूं लागते, व हें सर्व मंडळी झोपेंत असतां घडतें. खरा हिशेब ८ च्या पांचपट, म्हणजे ४० मीटर साखळी, किंवा ८ च्या सातपट, म्हणजे ५६ मीटर दोर असा आहे.

ह्यावरून काकांचा पक्ष खरा असें कोणी म्हणेल. तर वजनहि पाहूं. ८ मिलिमीटर जाडीच्या कड्यांची साखळी दर मीटरास सुमारें १.४ किलो भरते. ४० मीटर म्हणजे ५६ किलो. १० मिलिमीटरची घेतली तर तेंच वजन ८८ किलोंच्या आसपास जातें. एक धट्टाकट्टा माणूस रात्रंदिवस नाळेच्या टोंकावर बसवून ठेवावा, तसा हा प्रकार. लहान होडीची नाळ अशा भारानें लाटेवर उचलली जात नाहीं. ती लाटेंत घुसते, पाणी अंगावर घेते व वेग गमावते. शिवाय जड साखळीचा मुख्य फायदा, म्हणजे तिचा झोल पडून ओढ आडवी राहते हा, मंद वाऱ्यांतच टिकतो. वादळी वाऱ्यांत साखळी ताठ होते व झोल नाहींसा होतो. म्हणजे ज्या वेळीं त्या वजनाची गरज, त्याच वेळीं तें निरुपयोगी ठरतें. तेव्हां वजन वाढवावयाचेंच तर नांगराचें वाढवावें.

मुलांचाहि पक्ष पुरता खरा नाहीं. नुसता दोर तळाच्या खडकावर व शिंपल्यांवर घासून एका रात्रींत तुटूं शकतो. म्हणून आमचा सल्ला मधला आहे. नांगराजवळ ८ मिलिमीटरची १५ मीटर साखळी असावी, आणि तिच्यापुढें १४ मिलिमीटर जाडीचा ४५ मीटर नायलॉनचा दोर असावा. साखळी तळाचें घर्षण सोसते. नायलॉन ताणून लांबतो व लाटेचा हिसका पोटांत घेतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर मात्र ह्या कामीं घेऊं नये. तो पाण्यावर तरंगतो व पंख्यांत अडकतो. ह्या योजनेंत साखळीचें वजन अवघें २१ किलो होतें, आणि एकूण लांबी ६० मीटर मिळते. साखळी जस्ताचा मुलामा दिलेली असावी. नांगर व साखळी जोडणारी नालाच्या आकाराची कडी, जिला शॅकल म्हणतात, ती साखळीइतकीच मजबूत घ्यावी व तिचा पेच तारेनें बांधून टाकावा. न बांधलेला पेच हालचालीनें आपोआप सैल होतो. साखळीवर व दोरावर दर दहा मीटरांस रंगाची खूण करावी, म्हणजे किती सोडली हें अंधारांत विजेरीच्या उजेडांतहि कळतें.

आतां सांठवणीकडे वळूं. मुख्य नांगराची जागा नाळेवरील रुळावर, सदैव साखळीस जोडलेला, अशी असावी. मात्र होडी चालू असतां तो खुंटीनें व दोरीनें दुहेरी जखडलेला असावा. लाटेनें सुटलेला नांगर होडीच्याच अंगावर आपटतो. साखळी नाळेच्या पोटांतील कोठडींत पडूं द्यावी. ही कोठडी रुंद व उथळ असण्यापेक्षां अरुंद व खोल बरी. साखळी पडतांना तिचा ढीग शंकूसारखा होतो. होडी कलली कीं तो ढीग कोसळून खालच्या कड्यांवर बसतो, आणि पुढच्या वेळीं साखळी अर्ध्यावरच अडते. कोठडीच्या तळाशीं पाणी निघून जाण्यास भोंक असावें, व तें चिखलानें बुजलें नाहीं ना, हें वरचेवर पाहावें. दोराचें शेवटचें टोंक कोठडींतील कडीला पक्कें बांधावें. तें मोकळें राहिल्यामुळें नांगर, साखळी व दोर सर्वच समुद्रार्पण झाल्याचीं उदाहरणें खलाशांत नित्य ऐकूं येतात. ज्यांच्या होडींत शेवटपर्यंत साखळीच आहे, त्यांनीं तिचें टोंक शॅकलनें न अडकवितां, वरच्या फळीपर्यंत पोंचेल इतक्या दोरीच्या तुकड्यानें बांधावें. एखादें जहाज अंगावर येऊं लागलें तर ती दोरी चाकूनें कापून क्षणांत निघतां येतें. लोखंडी पेच त्या वेळीं उघडत नाहीं.

दुसरा नांगर अवश्य असावा, आणि तो पहिल्याहून निराळ्या जातीचा असावा. डॅनफर्थचा सपाट नांगर ह्यासाठीं सोयीचा. तो होडीच्या मागच्या बाजूच्या पेटींत, थोडी साखळी व वेगळा दोर जोडूनच, ठेवावा. त्याच पेटींत स्टोव्ह, बादल्या, भिजलेलीं शिडें, खाण्याचे डबे ह्यांची रास करण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपल्या घरांत पाण्याचा नळ फुटतो तेव्हां मुख्य चावी नेमकी अडगळीमागें असते, हा अनुभव प्रत्येक कुटुंबास आहे. घरांत फार तर चटई भिजते. समुद्रांत तेवढ्या दोन मिनिटांत होडी खडकावर जाते.

पावसाळ्यांत होडी वर ओढलेली असते, तें दुरुस्तीचें योग्य दिवस. साखळी सबंध बाहेर काढून गोड्या पाण्यानें धुवावी, उन्हाची उघडीप मिळेल तेव्हां वाळवावी, व कडी कडी हातांत घेऊन पाहावी. जी कडी झिजून बारीक झाली असेल, तिच्यावरच सर्व साखळीची ताकद ठरते. नांगराकडचें टोंक अधिक झिजतें, म्हणून दर वर्षीं साखळी उलटी जोडावी, म्हणजे तिचें आयुष्य वाढतें. जस्त उडून तांबूस गंज पसरला असेल तर पुन्हां मुलामा देतां येतो. पण कड्या झिजल्या असतील तर साखळी बदलावी, तेथें काटकसर नको. दोर ओला असतां बंद पेटींत कोंबूं नये, आणि उन्हांत वर्षभर उघडाहि ठेवूं नये.

आतां आमच्या पत्रलेखकांस सरळ उत्तर देतों. काकांनीं नांगराच्या बाबतींत पैशाकडे पाहूं नये म्हटलें तें बरोबर. साखळीच्या जाडीचा आग्रह मात्र त्यांनीं सोडावा. मुलांनीं हलकेपणाचा हट्ट दोरापुरता ठेवावा. आणि सफरीपूर्वीं एका संध्याकाळीं काकांनीं स्वतः होडीवर जाऊन, आगाऊ सूचना न देतां, "नांगर टाका" असें सांगावें व घड्याळ पाहावें. एका मिनिटांत नांगर पाण्यांत जाऊन दोर मोकळा सुटूं लागला पाहिजे. त्यानंतर मुलांनीं होडी वाऱ्यानें मागें जाऊं द्यावी, हिशेबाप्रमाणें दोर सोडावा, एंजिन उलटें चालवून नांगर रुतवावा, आणि किनाऱ्यावरील दोन खुणा, उदाहरणार्थ एखादें माडाचें झाड व त्यामागील घर, एका रेषेंत धरून अर्धा तास पाहत बसावें. खुणा आपल्या जागेवरून हलल्या नाहींत, तर काकांनीं घरीं जाऊन आजींस सांगावें कीं, मुलांस जाऊं द्यावयास हरकत नाहीं.