एक प्लेट पोहे आणि एक अर्ज

"नागपुरात खायला चांगलं काय मिळतं गं?" पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीने स्टेशनवरून घरी येता येताच विचारलं. मी लगेच म्हटलं, संत्रा बर्फी. ती म्हणाली, "ती पुण्यातसुद्धा मिळते. तुम्ही लोक स्वतः काय खाता ते सांग ना!"

मित्रांनो, खरं सांगायचं तर मी गप्प झाले. कारण आपल्याकडे पाहुण्याला दाखवायचं खाणं वेगळं आणि आपलं खाणं वेगळं. पाहुण्याला आपण सीताबर्डीला नाही तर धरमपेठेत नेतो, एसीमध्ये बसवतो, बिल देतो. आणि आपण स्वतः? सकाळी साडेसात वाजता, पहिलं लेक्चर बुडवायचं की नाही ह्याचा विचार करत, एका पायावर गाडी सांभाळत, हातात कागदी प्लेट धरून तर्री पोहे खातो. उभ्यानेच. "भाऊ, तर्री जरा मारून!" असं ओरडत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे फर्स्ट इयरला बाहेरून आलेल्यांसाठी) सांगते. पोहे पिवळे, जाड, वाफेवर गरम ठेवलेले. बाजूला मोठ्या गंजात काळ्या चण्याचा रस्सा, आणि त्या रश्श्यावर तरंगणारं जे लालभडक तेल, ती तर्री. वरून कांदा, चिवडा, लिंबू, सांभार. आमच्या बहिणीने "सांभार घालू का?" हे ऐकून "नको, मला इडली नकोय" असं उत्तर दिलं होतं! आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि म्हणूनच हिवाळ्यात घरोघरी होते ती सांभारवडी. बटाटेवड्याला आपण आलूबोंडा म्हणतो आणि त्याच्यावरही तर्रीच ओततो. समोशावरही. मला वाटतं तर्री हा पदार्थ नसून नागपूरचा युनिव्हर्सल सॉल्व्हंट आहे.

तर्री पोहे म्हटलं की सगळे कस्तुरचंद पार्कचं नाव घेतात. घ्यावंच. पण आम्ही वेस्ट नागपूरवाले रोज सकाळी तिकडे थोडेच जाणार? त्रिमूर्तीनगर, सुभाषनगर, हिंगणा टी पॉइंट, पुढे वानाडोंगरीपर्यंत जिथे जिथे कॉलेज आहे तिथे तिथे गेटपासून शंभर पावलांवर एक पोह्याचा ठेला असतोच. 2020 च्या जानेवारीत सीताबर्डी ते लोकमान्यनगर मेट्रो सुरू झाली. त्या लाइनवर एका स्टेशनचं नावच 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' आहे! पण मेट्रो आली म्हणून स्टेशनखालचे ठेले गेले नाहीत, उलट नवे आले. माणूस उतरला की त्याला भूक लागते, हे सांगायला कुठली फीजिबिलिटी स्टडी लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. ज्या ठेल्यावर मी दोन वर्षं पोहे खाल्ले, तो एक दिवस जागेवर नव्हता. ठेला नेमका कुठे होता, उचलून कोणी नेला, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या काकूंचा तो ठेला आहे त्यांना अजून त्याच भागात धंदा करायचा आहे. काकू पाच दिवसांनी दिसल्या, शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी, एका स्टुलावर गंज ठेवून. ना ठेला, ना परात. मी विचारलं तर म्हणाल्या, "गाडी आली अन् उचलून नेला ना बाई. पोहे कालवलेले होते, तसेच नेले." आणि मग माझ्याकडे बघून, "तू तं इंजिनिअर होऊन राहिली ना? इंग्लिश शाळेतली हायेस. मंग एक अर्ज लिहून दे बरं मले."

मी हो म्हटलं. त्यात काय एवढं! घरी येऊन बसले आणि तिथेच गाडी अडली. मी नर्सरीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा विषय होता, पण तो पेपरात पास होण्यापुरता. इंग्लिशमध्ये लीव्ह अॅप्लिकेशन मी झोपेतसुद्धा लिहीन. पण मराठीत अर्ज? मी लिहिलं, "आदरणीय सर, मी आपल्याला सांगू इच्छिते की माझा ठेला आपण घेऊन गेला आहात, प्लीज तो परत द्यावा." दुसऱ्या दिवशी हे काकूंच्या मुलीने वाचलं. ती आठवीत आहे, मराठी शाळेत. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने पेन घेतलं आणि वर 'प्रति', त्याखाली 'विषय', मग 'महोदय' आणि 'वरील विषयानुसार नम्र विनंती की' असं पटापट लिहून दिलं. "ताई, विनंती अर्ज आम्हाला पुस्तकात आहे." मला खरंच लाज वाटली. ज्या भाषेत मी पोहे मागते त्या भाषेत मला ते परत मागता येत नव्हते.

पण अर्जात लिहायचं काय? "आम्ही गरीब आहोत, दया करा"? तोपर्यंत मला वाटत होतं की ठेलेवाल्यांना काही हक्कच नसतो, ते आपले कोणाच्या तरी मेहेरबानीवर उभे असतात. मग जरा शोधलं. 2014 पासून देशात पथविक्रेत्यांसाठी एक कायदा आहे. तो संसदेने केलेला आहे, तेव्हा 'आम्हाला माहीत नाही' म्हणायची सोय नाही. त्यात म्हटलंय की आधी शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, आणि तोपर्यंत कोणालाही हटवू नका. हटवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर त्याची यादी द्या. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी सोडा, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत. कालवलेले पोहे हा नाशवंत माल आहे की नाही ह्यावर वाद होऊ नये असं मला वाटतं!

अजून एक. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं असं हा कायदा म्हणतो. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24,05,665 होती. कॅल्क्युलेटर काढा. साठ हजारांच्या वर जातं. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपल्या शहरात निदान साठ हजार लोक रस्त्यावर धंदा करू शकतात, आणि आपण प्रत्येक ठेल्याकडे 'अतिक्रमण' म्हणून बघतो. शिवाय 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, ठेलेवाल्यांना पहिल्यांदा 10 हजारांचं कर्ज मिळायला लागलं. एका हाताने ठेल्यासाठी कर्ज द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ठेला उचलायचा, हे लॉजिक मला तरी कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नाही.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुला त्या रस्त्यावर राहायचं असतं तर कळलं असतं." आणि इथे मला थांबावं लागलं, कारण माझी आत्या खरंच तशा रस्त्यावर राहते. आयटी पार्क ते माटे चौक ह्या पट्ट्यातल्या ठेल्यांवरून झालेला वाद तुम्ही पेपरात वाचला असेल. आत्याचं घर तिथे नाही, पण तिच्या रस्त्यावरची कथाही तीच. संध्याकाळी सात ते रात्री अकरा तिच्या गेटसमोर गाड्या. आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा कार बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली. सकाळी अंगणात प्लेटा आणि चमचे. मोमोजच्या लाल चटणीने भिंत रंगलेली. आत्या म्हणते, "मला त्या पोरांचा राग नाही, पण माझ्या दारात का?"

हे चुकीचं आहे असं मी म्हणूच शकत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. गेटसमोर लावलेल्या गाड्या कोणाच्या होत्या? ठेलेवाल्याकडे एक हातगाडी असते. पन्नास टू व्हीलर आपल्या असतात. प्लेट भिंतीपलीकडे भिरकावणारा हातही आपलाच. आणि कारवाई झाली की उचलला कोण जातो? ठेला. आपण गाडीला किक मारून पुढच्या ठेल्यावर जातो. मी स्वतः फुटपाथवर गाडी लावलेली आहे, अनेकदा. नो पार्किंगच्या बोर्डाला टेकून पोहे खाल्लेले आहेत. म्हणून आधी मी माझ्याच नावाने बोटं मोडून घेते.

काही जण म्हणतील, मग फूड कोर्ट बांधा, सगळ्यांना आत बसवा, प्रश्न मिटला. ऐकायला छान वाटतं. पण गाळ्याचं भाडं, डिपॉझिट, वीज हे सगळं आलं की 20-25 रुपयांची प्लेट 60 ची होते आणि काकूंच्या जागी कोणीतरी फ्रँचायझीवाला येतो. मग हॉस्टेलच्या पोरांनी, ज्यांच्या मेसमध्ये रविवारी रात्री जेवण नसतं, खायचं कुठे? सकाळी कामावर निघालेला मिस्त्री, ऑटोवाला, पेपर टाकणारा मुलगा ह्यांनी? काकूंच्या ठेल्यावर हे सगळे माझ्या बाजूला उभे असतात. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मी त्यांच्या बाजूला उभी राहून खाल्लं आहे? आठवत नाही.

आणि आपण विसरतो की नागपूरचं जे खाणं आज आपण मिरवतो, ते रस्त्यावरून आणि घरच्या ओट्यावरूनच वर आलं. सावजीचंच घ्या. आज हिंगणा रोड असो नाहीतर वर्धा रोड, दर दहा मिनिटांनी 'अस्सल सावजी' बोर्ड दिसतो (अस्सल लिहिलं की मला आधी शंका येते). पण हे मसाले मुळात हलबा कोष्टी समाजाच्या घरातले. विणकर लोक, गोळीबार चौक, पाचपावलीकडचे. हातमागावर लुगडी विणायचे. 1877 मध्ये टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, मग पॉवरलूम आले, हातमागाचं काम कमी कमी होत गेलं. माग थांबला तेव्हा अनेक घरांनी चूल पुढे आणली. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, आत बाई रस्सा करतेय, जवसाच्या तेलाचा वास, खसखस, सुकं खोबरं, मिरे, दगडफूल. मटण, खूर, सुंदरी. आणि शाकाहारी माणसाला दालकांदा नाहीतर पाटोडीचा रस्सा. माझे बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणी सावजीकडे जाणं हे घरी सांगून करायचं काम नव्हतं. आज तेच बाबा ऑफिसच्या पाहुण्यांना सावजीकडे नेतात आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून खूश होतात. एम्प्रेस मिलही 2002 मध्ये बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. सावजी मात्र सगळ्या उपनगरांत पोहोचला. त्या पहिल्या बाकड्यांनाही कोणीतरी "हे इथे चालणार नाही" म्हटलं असेलच ना?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक उपनगरात, कॉलेजजवळ, मेट्रो स्टेशनजवळ, जागा आखून द्या. पांढऱ्या पट्ट्याने पार्किंग आखता येतं तर ठेलाही आखता येतो. वेळ ठरवा, सकाळी पोहेवाले, संध्याकाळी बाकीचे. नळ आणि कचऱ्याचा ड्रम द्या आणि त्याचे पैसे घ्या, काकू द्यायला तयार आहेत. राहत्या घराच्या गेटसमोर मात्र नको, हे आत्याचं म्हणणं मान्य. कायद्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे, तिच्यात निदान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. तिथे काकूंसारख्या कोणी बसल्या तर कुठली जागा अडचणीची आणि कुठली नाही हे त्या कोणत्याही कन्सल्टंटपेक्षा नीट सांगतील. आणि आपल्या कॉलेजात सिव्हिलचे एवढे प्रोजेक्ट होतात, दरवर्षी तोच तो पूल, तेच ते रेन वॉटर हार्वेस्टिंग. गेटबाहेरच्या शंभर मीटर रस्त्याचा एखादा प्लॅन कोणी करून बघेल का? मी मेकॅनिकलची असले तरी टेप धरायला येईन.

अर्ज दिला. पोच म्हणून शिक्का मारलेली कॉपी काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्यात ठेवली आहे. ठेला अजून मिळालेला नाही. भावाची जुनी हातगाडी आणली आहे, तिचं एक चाक लंगडतं, म्हणून खाली वीट लावावी लागते. परवा गेले तेव्हा काकूंची मुलगी म्हणाली की स्मरणपत्र द्यायला हवं, पंधरा दिवस झाले. ह्या वेळी मी लिहिते आणि तू तपास, असं आमचं ठरलंय. चणे दहा वाजेपर्यंतच असतात, तेव्हा यायचं असेल त्यांनी लवकर यावं, आणि गाडी जरा दूर लावावी.