या नाताळात सगळं घर एका बाकावर

डिसेंबर लागला की आपल्या घरांत साधारण असं ठरतं. आजी-आजोबा पंचवीस तारखेला सकाळी मराठी उपासनेला जाणार, मुलं आदल्या रात्री इंग्रजी उपासना उरकून मित्रांबरोबर एमजी रोडला जाणार, बाबांना ऑफिसातून निघायला उशीर होणार, आणि आईचं काय ते स्वयंपाक किती आवरतो त्यावर. एकाच घरातली माणसं चार दिशांना नाताळ करतात आणि पंचवीसच्या दुपारी दमून एका टेबलाशी येतात. तिथंही निम्म्यांचे डोळे मोबाईलमध्ये.

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. या वर्षी सगळ्या घरानं मिळून एका उपासनेला जा. एका बाकावर बसा, आणि ती उपासना मराठी असू द्या. कॅथलिक असाल तर मराठी मिस्सेला जा. बाकीचं सगळं, म्हणजे चांदणी, झाड, केक, नवे कपडे, त्याभोवती बसवा.

इंग्रजी उपासनेशी माझं भांडण नाही. मुलं इंग्रजी शाळेत शिकली, त्यांना तिथलं प्रवचन चटकन कळतं, त्यांचे मित्र तिथं असतात. मराठी उपासनेत मुलं कंटाळतात याचं कारण फार साधं आहे. गाणं सुरू होतं, ‘उपासना संगीत’ उघडतं, आणि देवनागरी भरभर वाचता येत नसल्यामुळे दुसऱ्या ओळीलाच त्यांचं बोट मागे पडतं. मंडळी पुढच्या कडव्यावर जाते. तोंड मिटून उभं राहायचं कुणालाही आवडत नाही, पंधरा वर्षांच्या मुलाला तर मुळीच नाही. आपण मात्र याला मुलांची अनास्था म्हणतो. त्यांना ती गाणी घरात कधी ऐकायलाच मिळाली नाहीत, हे आपल्या लक्षात येत नाही.

तेव्हा सुरुवात घरापासून करा. नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. दर आठवड्याला एक गाणं घ्या. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं बसा आणि आजीला चाल सांगू द्या. पेटी येत असेल तर पेटी घ्या, नसेल तर टाळ्या पुरतात. चार आठवड्यांत चार गाणी पाठ होतात, आणि नाताळच्या उपासनेत त्यातली दोन तरी हमखास लागतात. ओळखीचं गाणं लागल्यावर मुलाचा चेहरा कसा फुलतो ते बाकावर शेजारी बसून पाहा.

मुलांना देवनागरी जड जात असेल तर गाणी रोमन अक्षरांत लिहून द्या. त्यात कमीपणा काही नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीतलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं, आणि १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ते पहिल्यांदा छापलं गेलं ते रोमन लिपीतच, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा तिथं नव्हते. मराठीवर जीव टाकणाऱ्या त्या इंग्रज पाद्र्यानं लिपीसाठी अडून बसायचं नाकारलं. आपणही अडून बसू नये. चाल आणि शब्द आधी तोंडात बसू देत. अक्षरं मागून येतील. लक्ष्मीबाई टिळकांचं लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लग्नानंतर अक्षरं शिकल्या आणि पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेलं.

या गाण्यांमागे काय आहे तेही मुलांना सांगा, कारण त्यांना ते कुठल्याच शाळेत कळणार नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. नावाजलेले कवी होते. साहेबी चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवलेली गाणी त्यांना पुरेनात. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मोकळेपणानं सांगत. त्यांच्याही आधी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते. म्हणून तर आपल्याकडे नाताळच्या गाण्याला तबला, पेटी आणि टाळ शोभतात. कॅथलिक घरांमध्ये तर मायबोलीतली मिस्सा ही मागच्या दोन-तीन पिढ्यांचीच मिळकत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, ती लॅटिनमध्ये होत असे. ज्यांच्या आजी-आजोबांनी न कळणाऱ्या भाषेत गुडघे टेकले, त्यांच्या नातवंडांनी कळणारी भाषा हातची सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण ‘सगळं घर’ म्हणताना आपण एका माणसाला सर्रास वगळतो.

वर्षानुवर्षं मी पाहते आहे. पंचवीस तारखेला सकाळी बाकं भरतात, पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत, मुली नव्या फ्रॉकमध्ये, आणि कितीतरी घरांतली आई नसते. ती बिर्याणीच्या पातेल्यापाशी असते. आली तरी तीन रात्रींच्या जागरणानं प्रवचनात तिचे डोळे मिटतात. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, चिवडा, लाडू, गोवेकर घरांत वर कुलकुल आणि डोदोल, शिवाय केक. एवढं एकट्या बाईनं करायचं आणि त्याला सण म्हणायचं, हे आता थांबवा.

फराळ वीस तारखेच्या आत संपवा. एका रविवारी दुपारी सगळ्यांनी बसायचं, मुलग्यांनी आणि नवऱ्यांनीसुद्धा. करंजी लाटणं, सारण भरणं, कातण फिरवणं हे कुणालाही तासाभरात जमतं. केकचं मिश्रण घरी कालवून बेकरीत भाजायला द्यायची जुनी पद्धत जवळच्या बेकरीत चालू असेल तर तिचा फायदा घ्या, मात्र चोवीसची गर्दी टाळा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दोनच पदार्थ करावेत. पंचवीसच्या जेवणासाठी पहाटे मटणाच्या दुकानापुढे रांग लावू नका. मटण आदल्या दिवशी आणा, मसाला वाटून ठेवा, उपासनेहून आल्यावर सगळ्यांनी मिळून शिजवा. जेवण तीन वाजता झालं तर कुणी उपाशी मरत नाही, सकाळी फराळ असतोच. पंगत उशिरा बसली तरी चालेल, पण आई बाकावर हवी.

तीन वाजताच्या जेवणाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्यातल्या कितीतरी मुली नर्स आहेत. ससूनपासून लहान नर्सिंग होमपर्यंत, नाताळला रुग्णालय बंद राहत नाही. जिची सकाळची पाळी आहे ती दुपारनंतर सुटते. तिच्यासाठी थांबा. घरात तिची थाळी झाकून ठेवलेली असणं वेगळं आणि सगळे तिच्यासाठी जेवायचे थांबलेले असणं वेगळं. पोलिसांत, बसवर, कॉल सेंटरमध्ये असलेल्या मुलांचंही तेच. कुणाची पाळी अशी असेल की सकाळी येताच येणार नाही, तर त्या घरानं चोवीसच्या रात्रीची उपासना निवडावी. दिवस कोणता ते घरानं ठरवावं, मात्र सगळ्यांसाठी एकच.

रात्रीची उपासना निवडली तर निघायची वेळ नीट ठरवा. चोवीस तारखेला संध्याकाळपासून कॅम्पात माणसांचा पूर येतो, एमजी रोड आणि आसपासची वाहतूक वळवलेली असते. नाना पेठ, क्वार्टर गेटकडे जायलाही एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर तासभर आधी पोचा, शाल आणि पाण्याची बाटली घ्या, बाजूच्या दाराजवळची जागा धरा. एमजी रोडची रोषणाई मुलांना आवडते, आवडू दे. ती सव्वीसला दाखवा, रोषणाई तोवर असतेच.

काही घरांना मात्र बाकापर्यंत येता येत नाही. पायऱ्या चढवत नाहीत, अंथरूण सुटत नाही, मुलं परदेशात आहेत. वडगाव शेरी, बोपोडी, दापोडी, पिंपरी, आता पार वाघोलीपर्यंत आपली मंडळी पांगली आहे आणि जुन्या पेठांतल्या, खडकीतल्या घरांत एकटी म्हातारी माणसं उरली आहेत. त्यांच्याकडे उपासना गेली पाहिजे. आगमनकाळातच पाळकसाहेबांना किंवा फादरांना सांगा. घरी येऊन प्रभुभोजन द्यायला ते तयार असतात, फक्त नाव आणि पत्ता कळवणारं कुणीतरी लागतं. कॅरल म्हणणाऱ्या तरुणांनाही मी विनवते, तुमची फेरी या घरांपासून सुरू करा. संध्याकाळी सातला जा. सोसायटीत रात्री दहाच्या आत आवरायचं असतंच. दोन मराठी गाणी म्हणा, गिटारवर म्हटलीत तरी चालतील. चहा झाल्याशिवाय उठू नका. अशा घरात तुमची वाट दुपारपासून पाहिली जाते.

ज्यांच्याकडे या वर्षी कुणी गेलं आहे, त्या घरावर चांदणी लागत नाही, फराळ होत नाही. आपल्याकडे अशा घरी नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी फराळ नेऊन द्यायची रीत आहे. डबा ठेवून दारातून परतू नका. बसा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. मग म्हणा, “उद्या सकाळी आम्ही घ्यायला येतो, आमच्याच बाकावर बसा.” दुःखाचा पहिला नाताळ मंडळीत एकट्यानं बसून काढणं फार अवघड असतं.

शेजाऱ्यांविषयीही बोलायला हवं. पुण्यात नाताळ कॅम्पाबरोबर आला अशी पुष्कळांची समजूत आहे. तसं नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ ची, सवाई माधवरावांच्या काळातली. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी पेशव्यांनीच ती जागा दिली. इंग्रजांचं राज्य इथं यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. गुरुवार पेठेत पंचहौदाचं पवित्र नाम देवालय १८८५ पासून उभं आहे, कसबा पेठेत ब्रदर देशपांडे चर्च आहे. आपण पेठांतली माणसं आहोत. दिवाळीत शेजारून ताट येतं, नाताळात आपलं जातं. ही देवाणघेवाण सोसायट्यांमध्ये बंद पडू देऊ नका. ताट घेऊन मुलांना पाठवा आणि बोलावणंही द्या.

आणि आमच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजाऱ्यांनो, तुम्ही जरूर या. गव्हाणी पाहायला या, उपासनेलाही बसा. एवढंच सांभाळा, की उपासना चालू असताना फोटो काढत मधल्या वाटेनं पुढे येऊ नका, फोटो नंतर निवांत काढा. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी उठून पुढे जाते तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा, त्यात अवमान नाही. बाकी गाणं येत असेल ते खुशाल म्हणा.

सगळं दोन दिवसांत कोंबायची घाई कशाला, हेही मला कळत नाही. चर्चच्या पंचांगात नाताळ बारा दिवसांचा आहे, सहा जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. आत्याकडे अठ्ठावीसला जा, मामांकडे एक तारखेला, नगरकडच्या गावी दोन-तीन जानेवारीला. तोवर एसटीची गर्दीही ओसरते. नवे कपडे घेताना कर्ज काढू नका, बारा दिवसांत तोच ड्रेस चारदा घातला तरी चालतो. एकतीसच्या वॉच नाइटला थकून गेलेले असाल तर घरीच बसा, वर्षभरात काय काय झालं ते एकेकानं सांगा आणि प्रार्थना करा.

ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी या रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींकडे आपलं नाव द्या, आणि गाडीत किती जागा रिकाम्या आहेत तेही सांगा. ज्यांना न्यायला-आणायला कुणी नाही त्यांची नावंही तिथंच लिहून द्या, म्हणजे कुणी कुणाला घ्यायचं ते चोवीसच्या आत ठरेल.